टोपलीखालची सपाट वाळू

आधी मावशींचं लिहिते, मग बाकीचं. या किनाऱ्यावर मी टिकले ती मावशींमुळे. त्या नात्याने माझ्या कुणी लागत नाहीत. श्रीवर्धनच्या पुढे समुद्राला लागून त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, वाडीत घर आहे आणि घराच्या मागच्या खोल्यांत त्या पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतात. मी त्यांच्याकडे कामाला आहे. खोल्या झाडते, ताटं मांडते आणि पाहुण्यांना फिरवून आणते. हे शेवटचं काम मला जमेल असं मावशींशिवाय कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात मी बहुतेक ठिकाणी घाबरलेलीच दिसेन. काय करणार, मी आहेच तशी. पण वाचताना एवढं ध्यानात असू द्या की माझ्या मागे मावशी उभ्या होत्या.

माझं गाव परभणीकडचं. शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आई अंथरुणाला खिळलेली, भावंडांत मी मोठी. आमच्याकडे बऱ्याच मुलींचं असंच असतं, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. वाचायची खोड तेवढी राहिली. दुकानातून साखर बांधून आलेला कागदही मी सरळ करून वाचायची. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत प्रवासाचं एक पान असायचं. कुणी बर्फात गेलेलं, कुणी जंगलात, कुणी परदेशातल्या भल्या मोठ्या पाळण्यात बसलेलं. ती माणसं कधी घाबरायची नाहीत. त्यांची गाडी बंद पडायची, रस्ता चुकायचा आणि तरी त्यांना मजा वाटायची. मला वाटायचं, परत जायला ज्यांचं घर पक्कं आहे त्यांनाच रस्ता चुकायची मजा येत असेल.

माझा पहिला प्रवास पोटासाठीचा. आई गेली, भावाचं लग्न झालं आणि दोन खोल्यांच्या घरात माझं अंथरूण कुठं घालायचं हा रोजचा प्रश्न होऊन बसला. गावातली एक बाई मुंबईच्या वाटेवरच्या एका वॉटर पार्कात साफसफाईला होती. तिनं मला तिकडे नेलं. निघताना भाऊ म्हणाला, "बघतो किती दिवस टिकतीस. परत आलीस तर मग मी म्हणीन तिथं लग्न करायचं, आधीच सांगून ठिवतो." तो वाईट नाही. पण त्यानं मनात धरलेलं स्थळ मला माहीत होतं, आणि ते घर मी पाहिलं होतं. तेव्हापासून कुठंही कामात जरा चूक झाली की माझ्या डोक्यात हिशेब सुरू व्हायचा. चुकले की काम जाणार, काम गेलं की परत, आणि परत म्हणजे ते घर.

पार्कात मला कपड्यांच्या खिडकीवर बसवलं. पोहण्याचे नायलॉनचे कपडे भाड्यानं द्यायचे, ओले परत घ्यायचे, धुवायला टाकायचे. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, गेस्टला 'नाही' म्हणायचं नाही. माप नसलं तरी 'बघते सर' म्हणायचं. पाऊस येणार का विचारलं तर 'नाही येणार मॅडम' म्हणायचं. लोक इथं आनंद घ्यायला येतात, त्यांच्या तोंडावर नकार मारायचा नाही. मी ते इतकं घटवून घेतलं की झोपेतसुद्धा कुणी काही विचारलं असतं तर 'हो' म्हणाले असते. तिथल्या मोठ्या हौदात लाटा यायच्या. आधी भोंगा वाजायचा, माणसं ओरडत पाण्यात धावायची, मग लाटा सुरू, परत भोंगा वाजला की पाणी गप्प. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. मला वाटायचं, असाच असेल, जरा मोठा.

मावशी मला त्या खिडकीतच भेटल्या. त्यांच्या गावचं महिला मंडळ सहलीला आलं होतं. साडीवर पाण्यात सोडत नाहीत हे कळल्यावर बाकीच्या बायका काठावर डबे उघडून बसल्या. मावशी मात्र खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अगो, माझ्या मापाचं काय असेल ते दे. एवढ्या लांब येऊन कोरडी जाणार नाही मी." मी त्यांना सगळ्यात मोठा झगा दिला. तो घालून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मैत्रिणी हसून हसून लोळल्या, एकीनं तर विचारलं, कुठल्या सर्कशीतून सुटून आलीस म्हणून. मावशींनी लक्ष दिलं नाही. तासभर त्या लाटांत उभ्या राहिल्या आणि कपडे परत करताना मला विचारलं, या लाटा बंद कोण करतं? मी म्हटलं, वर खोलीत एक माणूस बसतो, तो बटण दाबतो. त्यांना याचं फार नवल वाटलं. मग माझी चौकशी केली. गाव कुठलं, शिकलीस किती, पावसाळ्यात पार्क बंद झाल्यावर काय करतेस. पावसाळ्यात आम्हाला काढून टाकायचे हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून घेतला. आमच्याकडे माणूस लागतं, म्हणाल्या, भिऊ नकोस, ये.

मी भीत भीतच गेले. माणगावला एसटी बदलली, म्हसळ्याच्या पुढे घाटातली वळणं सुरू झाली तेव्हा पुढच्या सीटची दांडी सोडलीच नाही. शेवटचा रस्ता मिनिडोरनं, म्हणजे सहा माणसांच्या रिक्षात दहा माणसं बसून. समुद्र दिसला तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "न्हाय बघितला काय कवा?" मी मान हलवली. आवाज ऐकू येत होता, आणि मी तो थांबायची वाट बघत होते.

आता त्या दिवसाचं.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवाच्या माद्या येऊन वाळूत अंडी घालून जातात. कुत्री आणि कोल्हे ती उकरतात म्हणून गावातली राखणारी माणसं अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुन्हा वाळूत पुरतात आणि वर एकेक टोपली पालथी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपोआप वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायचं, वर आलेली असली तर ओल्या वाळूवर सोडायची, ती चालत समुद्रात जातात. हे बघायला हल्ली लांबून लांबून लोक येतात. गाव त्यावर चार पैसे कमावतं. मावशींच्या खोल्याही त्याच दिवसांत भरतात.

त्या वर्षी मला येऊन थोडेच महिने झाले होते. पुण्याहून एक ताई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. ताई प्रवासाबद्दल लिहिणाऱ्या होत्या. पेपरात लिहीत, फोनवरही त्यांचं लिखाण वाचणारे पुष्कळ होते. मावशींना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की या बाईंनी चांगलं लिहिलं तर पुढच्या वर्षीची चिंता नको. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नव्हतं. पाण्याचा तांब्या ठेवताना सतरंजीवर सांडलासुद्धा. वडील, ज्यांना मी काका म्हणत होते, हसून म्हणाले, "असू दे, समुद्र बघायलाच आलोय."

संध्याकाळी मी दोघांना कुंपणाकडे नेलं. राखणारे दादा टोपल्या उचलून बघत होते. कुठंच काही नव्हतं. एका घरट्याचे दिवस मात्र भरत आले होते. काका गुडघ्यांनी अधू, वाळूत चालताना त्यांना लेकीच्या खांद्याचा आधार लागत होता. एवढं चालून कुंपणाशी पोचल्यावर त्यांनी नुसती जाळी बघितली आणि परत वळले. वाटेत ताईंनी मला बाजूला घेतलं. उद्या सकाळी नाश्ता करून निघायचं आहे, म्हणाल्या, बाबांनी यासाठी हट्ट धरला होता, डॉक्टर नको म्हणत होते. मग सरळ विचारलं, "उद्या सकाळी पिल्लं दिसतील ना?"

दादांनी मला निदान शंभरदा सांगितलं होतं की याचं उत्तर कुणाला येत नाही. ते मला तोंडपाठ होतं. आणि मी म्हटलं, "हो ताई, दिसतील."

म्हणून टाकल्यावर बरं वाटलं, कारण ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच वडिलांना सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मग जेवायला वाढताना मला उमगलं मी काय करून बसले ते. इथं वरच्या खोलीत बटण दाबणारा कुणी माणूस नव्हता. मावशींना सांगावं म्हणून दोनदा स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही वेळा मीठ घेऊन परत आले. झोपताना एकच हिशेब डोक्यात चालू होता. पिल्लं आली नाहीत तर ताई लिहितील की या घरात खोटं सांगतात. मग मावशी मला ठेवतील कशाला? मी तरी ठेवलं नसतं.

सकाळी उजाडताना आम्ही कुंपणाशी होतो. काकांसाठी मी घरातून प्लॅस्टिकची खुर्ची उचलून नेली होती. खुर्चीचे पाय वाळूत रुतत होते, ती सरळ करण्यात माझा जीव चालला होता. दादांनी टोपली उचलली. पिल्लं वर यायच्या आधी वरची वाळू जराशी खचते, मध्ये खळगा पडतो. इथं वाळू सपाट होती. काल हातानं सारखी केली होती तशीच, दादांच्या बोटांच्या रेघांसकट.

"न्हाय आज," दादा म्हणाले आणि टोपली पालथी घातली.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मग त्या दादांशी बोलायला लागल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, समजावणीच्या सुरातच बोलल्या. दिवस तर भरलेत, तुम्हीच म्हणता. पिल्लं आत अंडी फोडून बसलेली असतील. वरची थोडी वाळू बाजूला केली तर त्यांनाही सोपंच जाईल. बाबांना एक दिसलं तरी पुरे. दादांनी मान हलवली आणि समुद्राकडे बघत उभे राहिले. त्यांना पाहुण्यांशी हुज्जत घालायची सवय नाही, ते असेच लांब बघायला लागतात.

मग ताई माझ्याकडे वळल्या. "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील ते. तू म्हणाली होतीस दिसतील म्हणून."

खरं सांगायचं तर दादांनी माझं ऐकलं असतं. उकरलं नसतं त्यांनी कधीच, पण मावशींच्या घरचं माणूस मागे लागलं म्हटल्यावर निदान टोपलीशी पुन्हा बसले असते, हात घालून अंदाज घेतल्यासारखं केलं असतं. तेवढ्यानंही ताईंचं समाधान झालं असतं. माझं काम वाचलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि दादांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलेलंही आठवत होतं, की पिल्लं अंड्यातून निघाली तरी एकमेकांच्या अंगावर थांबून राहतात, दमानं वर येतात, वेळेआधी बाहेर काढलं तर पाय ओढत बसतात आणि कावळ्यांच्या तोंडी जातात.

 

"नाही ताई," मी म्हटलं. "मी काल चुकीचं बोलले. ते कुणालाच माहीत नसतं. आणि उकरायला मी सांगणार नाही."

जन्मात पहिल्यांदा पाहुण्याला नाही म्हटलं. ताईंचा चेहरा पडला. काका खुर्चीतून उठायला लागले, खुर्ची कलंडली, मी आणि ताईंनी दोन्हीकडून त्यांना धरलं आणि तसेच तिघं घरी आलो.

मी मागच्या दारानं माझ्या खोलीत गेले आणि पिशवी भरायला घेतली. कुणी जा म्हणायच्या आत तयार असलेलं बरं. माझे कपडे होते ते फारसे नव्हतेच, तरी हात चालेना. पडवीत ताई मावशींना सगळं सांगत होत्या ते भिंतीआडून ऐकू येत होतं. तुमच्या मुलीनं खात्री दिली होती. बाबांना आणायला नको होतं मी. आधी खरं सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी तरी झाली असती. त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागत होतं.

मावशींनी मला हाक मारली. मी गेले. घावण्याचा तवा पडवीतल्या चुलीवरच होता, त्यांच्या हातात उलथनं. त्यांनी ताईंसमोरच विचारलं, "काल तू दिसतील म्हणालीस?"

"हो."

"का गो?"

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "नाही म्हणायला जीभ वळली नाही."

मावशींनी उलथनं खाली ठेवलं. मग ताईंकडे वळून सांगायला लागल्या. ही मुलगी कुठून आली, कुठल्या पार्कात कामाला होती, तिथं भोंगा वाजवून लाटा सोडतात, हे सगळं. मीसुद्धा त्या लाटांत तासभर उभी होते, म्हणाल्या, सर्कशीतल्यासारखा झगा घालून. काकांना हसू आलं. मग मावशी म्हणाल्या, "तिला कासवाकडे पाठवायच्या आधी नाही म्हणायला शिकवायचं काम माझं होतं. ते राहिलं माझ्याकडून. तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागवा, आणि लिहायचं तर माझ्या नावानं लिहा. पण आज वाळूला हात लावू दिला नाही तिनं, तेसुद्धा लिहा बरं का."

त्यावर काका बोलले. ताडोबाला तीनदा गेलोय, म्हणाले, वाघ म्हणून तिन्ही वेळा पुढच्या जीपचं मागचं चाक बघितलंय. तिथल्या माणसानंही दरवेळी 'उद्या नक्की' असंच सांगितलं होतं. हिनं निदान सकाळी शब्द मागे घेतला. मग ताटाकडे बघून विचारलं, घावणं आणखी आहेत का. ताई म्हणाल्या, "बाबा, डॉक्टर," आणि त्यांनी ऐकलं नाही. वातावरण सैल झालं ते तेव्हा. ताईंचा राग गेला असं मी म्हणणार नाही. निघताना त्यांनी मला हात केला नाही. काकांनी केला.

गाडी गेल्यावर मी उष्टी ताटं उचलत होते. मावशी आत गेल्या आणि माझ्या खोलीतून ती अर्धी भरलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पिशवी पडवीत उपडी केली, कपडे झटकून पुन्हा दोरीवर टाकले आणि म्हणाल्या, "दुपारी दोन खोल्यांची मंडळी यायचीत. तांदूळ निवडून ठेव." मी तांदूळ घेऊन बसले. रडू येत होतं, पण तांदूळ निवडताना रडलं की खडे दिसत नाहीत, म्हणून आवरलं.

त्या दिवसापासून पाहुण्यांबरोबर निघण्याआधी मावशी मला पडवीत उभं करून विचारायच्या, "पिल्लं दिसतील?" मी म्हणायची, "सांगता येत नाही." "उद्या?" "सांगता येत नाही." "अगो, मी पुण्याहून आल्ये, अलिबागला नसते का गेले?" "तरी सांगता येत नाही." शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणापाशी येऊन ऐकायची आणि हसायची. पहिल्या काही वेळा माझा आवाज कापायचा. अजूनही कापतो कधी कधी, खोटं कशाला सांगू. नवीन गाडी फाटकात शिरली की डोक्यात तोच हिशेब सुरू होतो. पण आता तो घेऊनच मी चालत कुंपणापर्यंत जाते.

त्या घरट्यातली पिल्लं नंतर दोन दिवसांनी वर आली. मी तेव्हा श्रीवर्धनला बाजाराला गेले होते, मला दिसली नाहीत. ताईंचं लिखाण पुढच्या महिन्यात आलं. मावशींनी चष्मा लावून माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. माणगावपासूनच्या रस्त्याला त्यांनी भरपूर नावं ठेवली होती, घावण्याचं पुष्कळ कौतुक होतं आणि कासवाबद्दल एवढंच, की आम्हाला दिसली नाहीत आणि तिथली माणसं ती दिसतील असं वचन देत नाहीत. माझं नाव नव्हतं, माझ्या चुकीचा उल्लेखही नव्हता. ते वाचून काही लोक आले, काही आले नसतील. पार्कात जायचं तिकडे गेले असतील. मी त्यांना हसत नाही. नायलॉनचे कपडे घालून भोंग्याची वाट बघणारी पोरं किती खूश असायची ते मी खिडकीतून रोज बघितलंय.

भावाचा फोन येतो. मागच्या वेळी विचारत होता, पोरांना सुट्टीत समुद्र दाखवायला आणू का. मी हो म्हटलं, मग लगेच म्हटलं, आधी मावशींना विचारते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, विचारतेस काय, तुझंच घर. मी लगेच भावाला फोन लावला.

मी एवढं लिहिलंय ते त्यांनीच सांगितलं म्हणून. येणारे सगळे लिहितात, म्हणाल्या, इथं राहणारीनं लिहिलं तर काय बिघडलं. त्यांचं मी काय फेडणार आहे? एक मात्र ठरवलंय. मावशी सगळ्या जगाला जेवू घालतात, पण त्यांना कुणी पाटावर बसवून वाढलेलं मी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात. माझी जरा ऐपत झाली, गावाकडे माझी म्हणता येईल अशी एक खोली झाली, की एका पावसाळ्यात मी मावशींना परभणीला नेणार. ज्वारीची भाकरी आणि ठेचा करीन, त्या उठायला लागल्या तर उठू देणार नाही, आणि जितके दिवस त्या राहतील तितके दिवस त्या पाहुण्या आणि मी घरची. कधी ते आज सांगता येत नाही. पण नेणार.